माल कुठं आहे, हे नक्की कुणाला माहीत असतं?

या महिन्याच्या टपालात संगणकावरचा राग बराच आहे. बागायतदार, कारखानदार, गाडीमालक सगळ्यांची तक्रार एकच, माहिती ढीगभर येते आणि कामाची वेळेवर मिळत नाही. न्हावा शेव्याच्या आसपासच्या फॉरवर्डिंग कचेऱ्यांत, म्हणजे दुसऱ्यांचा माल जहाजानं पाठवायची व्यवस्था करणाऱ्या कचेऱ्यांत, माझी उमेदीची वर्षं गेली, आधी फॅक्सच्या गुंडाळ्या सोडवण्यात आणि मग स्क्रीनकडं बघण्यात. त्यामुळे हा राग मला ओळखीचा आहे. पत्रं जागेअभावी कापली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : आम्ही शेजारशेजारचे काही बागायतदार. यंदा व्यापाऱ्याला माल न देता गटाच्या नावानं थेट नेदरलँड्सला द्राक्षाचा कंटेनर पाठवला. फॉरवर्डरनं पोर्टलचं लॉगिन दिलं होतं. त्यावर कंटेनर बंदरात 'गेट-इन' झाल्याचं हिरव्या अक्षरांत दिसत होतं, आणि पुढचे कित्येक दिवस तेच दिसत राहिलं. शेवटी फोन केला तेव्हा कळलं की जहाज कधीच निघून गेलंय आणि आमचा कंटेनर पुढच्या जहाजावर ढकललाय. मग हे पोर्टल काय कामाचं?
– बागायतदार, ता. दिंडोरी, जि. नाशिक

पोर्टल खोटं बोललेलं नाही. कंटेनर फाटकातून आत गेला होता आणि आतच उभा होता. घडलं ते त्यानं दाखवलं. जे घडायला हवं होतं आणि घडलं नाही, ते सांगायचं काम त्याला कुणी दिलंच नव्हतं. या धंद्यातली बहुतेक सॉफ्टवेअरं इथंच कमी पडतात, आणि विकणारे मात्र नकाशावर हलणारा ठिपका दाखवून पैसे घेऊन जातात.

तुमच्या एका कंटेनरची माहिती किती हातांत विखुरलेली होती ते बघा. बागेकडचा भाग आपल्याकडं खरोखर चांगला बसलेला आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाचा प्रत्येक प्लॉट कृषी खात्याकडं नोंदवावा लागतो. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या संगणक यंत्रणेत त्या नोंदणी क्रमांकाला पुढचं सगळं बांधलेलं असतं : नमुना कुठल्या प्रयोगशाळेनं तपासला, औषधाचे अंश किती निघाले, कुठल्या पॅकहाऊसमध्ये माल भरला, पॅलेटचा क्रमांक काय. अहवाल नापास असेल तर गाडी फायटोसॅनिटरी, म्हणजे माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या, प्रमाणपत्रापर्यंत जातच नाही. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले, त्या दणक्यातून ही शिस्त आली. रॉटरडॅमच्या गोदामात एखादी पेटी उघडली, तर ती कुठल्या प्लॉटमधली हे आज सांगता येतं.

तरीही २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडचं प्रकरण झालंच. वेलीची वाढ रोखणारं हे रसायन, बागायतदार ज्याला नुसतं 'सीसीसी' म्हणतात, ते. त्याचे अंश सापडले आणि आपले कंटेनर युरोपात अडकले. ग्रेपनेट बंद पडलं होतं का? अजिबात नाही. प्रयोगशाळांनी तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हतं. यादीत नाही ते यंत्रणा शोधत नाही. तुमच्या पोर्टलचंही तेच झालं, फक्त आकार लहान.

पॅकहाऊसचं दार बंद झालं की हा एकसंध धागा तुटतो. कसारा घाट उतरणाऱ्या ट्रेलरचं जीपीएस ट्रान्सपोर्टरकडं. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा कस्टमला द्यायचा कागद, आणि 'लेट एक्सपोर्ट ऑर्डर', म्हणजे माल देशाबाहेर जाऊ द्यायचा कस्टमचा हुकूम, हे कस्टमच्या आइसगेट या पोर्टलवर. कंटेनर यार्डात कुठल्या रांगेत कितव्या थरावर ठेवलाय ते टर्मिनलच्या संगणकात. तुमचं बुकिंग कुठल्या जहाजावर ते शिपिंग लाइनकडं. हे सगळे एकमेकांशी ठरलेल्या साच्यातल्या संदेशांनी बोलतात. त्याचं 'एडिफॅक्ट' हे मानक १९८७ पासून आंतरराष्ट्रीय आहे, म्हणजे तुमच्या गटातल्या तरुण मंडळींपेक्षा जुनं. कंटेनर फाटकातून आत-बाहेर झाला की टर्मिनलकडून लाइनला 'कोडेको' नावाचा संदेश जातो. जहाजावर चढला किंवा उतरला की 'कोआरी'. तुमच्या पोर्टलला कोडेको मिळाला, तो त्यानं हिरवा करून ठेवला. कोआरी आलाच नाही, म्हणून ते गप्प बसलं.

आता, का ढकलला? तुमची कागदपत्रं पाहिल्याशिवाय बोट दाखवणार नाही. नेहमीची कारणं सांगते. लाइननं जहाजाच्या जागेपेक्षा जास्त बुकिंग घेतलेलं असतं. किंवा कस्टमचा हुकूम उशिरा झालेला असतो. किंवा भरलेल्या कंटेनरच्या वजनाचा दाखला, ज्याला आम्ही व्हीजीएम म्हणतो आणि जो १ जुलै २०१६ पासून जगभर सक्तीचा आहे, तो लाइनला वेळेत पोचलेला नसतो. एक बारकी गोष्ट बऱ्याच नव्या निर्यातदारांच्या लक्षात येत नाही. फाटकाची मुदत आणि कागदांची मुदत या दोन वेगळ्या वेळा असतात. कंटेनर वेळेत आत गेला म्हणून कागदही वेळेत गेले असं होत नाही.

पुढच्या हंगामात फॉरवर्डरला बुकिंगच्या वेळीच ईमेलनं लिहून द्या की आम्हाला ठिपका नको, उलटा गजर हवा. कस्टमचा हुकूम अमुक वाजेपर्यंत झाला नाही तर मेसेज. जहाज सुटायच्या नियोजित वेळेपर्यंत 'लोडेड' आलं नाही तर मेसेज, आणि तो गटातल्या दोघांच्या फोनवर. कुठल्याही बऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे बसवता येतं. 'आमच्या सिस्टिममध्ये होत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्या कचेरीत ती सिस्टिम शिकलेलं माणूस नाही असं समजा. आणि गजर वाजल्यावर उचलायला माणूस कोण, त्याचं नाव आणि नंबर आधी घ्या. रात्री दोनला आलेला मेसेज सकाळी दहाला वाचणारी कचेरी असेल तर गजराचा उपयोग शून्य.

स्वतःलाही तपासता येतं. लॉजिस्टिक्स डेटा बँक म्हणजे एलडीबी २०१६ मध्ये आपल्याच जेएनपीटीपासून, म्हणजे न्हावा शेव्याच्या बंदरापासून, सुरू झाली. कंटेनरवर आरएफआयडी टॅग आणि टोलनाके, बंदराची फाटकं, सीएफएसची, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामांची, दारं इथं तो वाचणारी यंत्रं, असा तिचा कारभार. त्यांच्या संकेतस्थळावर कंटेनर नंबर टाकला की शेवटचा कुठं दिसला ते कळतं. नंबर मात्र नीट उतरवून घ्या : चार अक्षरं, सात आकडे. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून हिशेबानं काढलेला असतो. एक आकडा चुकला तरी संगणकाला संशय येतो आणि तो नंबर नाकारतो. फोनवर नंबर सांगणाऱ्या माणसाला तसा संशय येत नाही, म्हणून नंबरचा फोटोच मागवत जा.

तापमानाचंही विचारून ठेवा, कारण तुमचा माल यार्डात पडून राहिला. रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर गार फळ गार ठेवतो, गरम फळ गार करायची त्याची ताकद नसते. ते काम पॅकहाऊसच्या प्रीकूलिंगचं. कंटेनरचा स्वतःचा लेखा त्याच्या आत फिरणाऱ्या हवेचं तापमान सांगतो, पेटीतल्या मण्याचं नाही. म्हणून पेट्यांत स्वतःचा डेटा लॉगर ठेवा, दाराजवळच्या पॅलेटमध्ये एक आणि आत एक. शिवाय टर्मिनलकडून प्लग लावल्याच्या आणि काढल्याच्या वेळा लेखी मागवा. आयातदारानं माल मऊ पडल्याची तक्रार केली, तर भांडायला तुमच्या हातात तेवढंच असतं.

आणि आगमनाच्या तारखेबद्दल आयातदाराला पक्का शब्द देऊ नका. २०२३ च्या डिसेंबरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि २०२४ च्या हंगामात आपल्या द्राक्षाच्या प्रवासात दहा-चौदा दिवसांची भर पडली. मोठ्या जहाजांवरच्या एआयएस यंत्रामुळे जहाज कुठं आहे ते घरबसल्या दिसतं. त्यावरून आयातदाराला दर आठवड्याला नवी तारीख कळवत राहणं हे तुमचं काम, फॉरवर्डरवर सोडू नका.

प्रश्न : माझा चाकणला छोटा कारखाना आहे. एका वाहन कंपनीला ब्रॅकेट पुरवतो. वर्षापूर्वी कंपनीनं माल उचलायला एक लॉजिस्टिक कंपनी नेमली. त्यांचा ट्रक ठरलेल्या वेळेला येतो, वीस मिनिटं थांबतो. 'एएसएन' टाकलेलं नसेल तर तयार माल समोर असून उचलत नाही. पूर्वी मी माझ्या टेम्पोनं केव्हाही नेऊन टाकायचो. हा जाच कशासाठी?
– लघुउद्योजक, चाकण, जि. पुणे

केव्हाही नेऊन टाकायचात, आणि तुमच्यासारखे आणखी शंभर जणही तेच करायचे. त्या कंपनीच्या फाटकाबाहेरची टेम्पोंची रांग तुम्ही विसरला नसाल. आता एक ट्रक पाच-सात पुरवठादारांच्या दारांवरून फिरतो आणि भरून एकाच धक्क्याला लागतो. याला ते 'मिल्क रन' म्हणतात. तुमच्याकडं पाच मिनिटं जास्त गेली तर पुढच्या प्रत्येक दारात ती साचत जातात.

एएसएन म्हणजे माल निघण्याआधीच पाठवलेली यादी : कुठला पार्ट, किती नग, कुठल्या क्रेटमध्ये, कुठल्या बिलावर. ती आधी पोचली की पलीकडं फाटकावर टंकायला काही उरत नाही. बारकोड वाचायचा, यादीशी जुळवायचा, आत घ्यायचं. यादी नसलेला माल आत गेला, तर तो शॉप फ्लोअरवर असतो पण संगणकात नसतो, आणि संगणकात नसलेला माल तिथं नसल्यातच जमा. लाइन थांबते, आणि कुणीतरी तुमच्याकडं 'अर्जंट' म्हणून दुप्पट माल मागतं.

तुम्हाला एवढंच सांगते की ही यादी हातानं टंकू नका. तुमची उलाढाल पाच कोटींच्या वर असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून तुम्हाला ई-इन्व्हॉइस काढावंच लागतंय. त्यातूनच ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्यानं नेताना लागणारा जीएसटीचा कागद, निघतं आणि त्याच माहितीतून एएसएनही निघू शकतं. एकदा नोंदवलं की तीन कागद. तुमच्या अकाउंट्सवाल्याला बोलवा, लॉजिस्टिक कंपनीच्या आयटीवाल्याला बोलवा आणि दोघांना एका टेबलाशी बसवा. अर्ध्या दिवसाचं काम असतं. ते महिनोन्महिने रखडतं, कारण दोघांना एकमेकांचा फोन नंबर माहीत नसतो.

पण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं वेगळं आहे, असं मला वाटतं. तुम्ही सगळं सांगायचं आणि तुम्हाला कुणी काही सांगायचं नाही. इथं मी तुमच्या बाजूची आहे. पंगतीत जिलबी कमी पडेल असं एका वाढप्याला वाटलं, त्यानं आचाऱ्याला दुप्पट सांगितलं, आचाऱ्यानं किराणावाल्याला तिप्पट, आणि संध्याकाळी यजमानाच्या घरी पातेलं भरून जिलबी उरली, असं पुरवठा साखळीत रोज चालतं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला हे लहान मुलांच्या डायपरमध्ये दिसलं होतं. बाळं काही एका महिन्यात जास्त आणि दुसऱ्या महिन्यात कमी डायपर वापरत नाहीत, दुकानातली विक्री बऱ्यापैकी सपाट असते. पण मागे कच्च्या मालापर्यंत जाता जाता मागणीचे चढउतार प्रचंड होतात. कारण प्रत्येक जण शेजाऱ्याच्या ऑर्डरवरून अंदाज बांधतो, शेवटच्या गिऱ्हाइकाची मागणी कुणालाच दिसत नाही.

यावर उपाय एकच, ती मागणी सगळ्यांना दाखवणं. म्हणून एएसएनच्या बदल्यात मागा : पुढच्या काही आठवड्यांचं उत्पादन वेळापत्रक, आणि कंपनीच्या गोदामात तुमच्या पार्टचा शिल्लक साठा, रोजच्या रोज. लॉजिस्टिक कंपनीकडं दोन्ही असतं. दाखवायची परवानगी मात्र वाहन कंपनीच्या खरेदी विभागाकडून घ्यावी लागते, तिथंच अर्ज करा. आणखी एक मागा. उशिराबद्दल तुमच्याकडून दंड कापतात ना? मग त्यांचा ट्रक तुमच्या दारात किती वाजता आला याची त्यांच्या जीपीएसची वेळही महिन्याच्या हिशेबात लावायला सांगा. घड्याळ दोन्ही बाजूंना सारखं लागू द्या.

प्रश्न : माझ्या सहा गाड्या आहेत, कळंबोलीहून स्टीलचे कॉइल नेतो. फास्टॅग झाला, ई-वे बिल झालं, आता मोठ्या कंपन्या म्हणतात तुमच्या गाड्यांचं जीपीएस आमच्या सिस्टिमला जोडा, नाहीतर लोड नाही. खर्च माझा. फायदा कुणाचा?
– गाडीमालक, कळंबोली

आज तरी त्यांचा. तुमचा करून घ्यायचा असेल तर हॉल्टिंगपासून सुरुवात करा. गाडी गिऱ्हाइकाच्या फाटकावर दोन दिवस उभी राहते, हॉल्टिंगचं बिल लावलं की मॅनेजर म्हणतो, गाडी तर कालच आली. जीपीएसमध्ये त्या कारखान्याभोवती एक कुंपण आखता येतं. गाडी कुंपणाच्या आत आली ती वेळ, बाहेर पडली ती वेळ, दोन्ही आपोआप नोंदल्या जातात. आणि तो डेटा तुम्ही त्यांच्याच सिस्टिमला जोडलेला असल्यानं तुमचा आकडा त्यांच्याच स्क्रीनवर असतो. भाडं ठरवताना करारात एक ओळ घाला की हॉल्टिंग या वेळांवरून मोजलं जाईल. जोडायला हो म्हणण्याची किंमत म्हणून हेच मागा.

दुसरी गोष्ट पोच. शिक्का मारलेली एलआरची, म्हणजे मालाच्या पावतीची, प्रत ड्रायव्हरबरोबर परत येईपर्यंत तुमचं बिल सुरूच होत नाही. माल उतरल्या जागी फोनवर सही आणि फोटो घेऊन पोच चढवता आली, तर बिल त्याच दिवशी टाकता येतं. सहा गाड्यांच्या मालकाला डिझेलच्या उधारीवर जगावं लागतं, त्याला यातून वाचलेले दिवस भाड्यातल्या वाढीइतकेच मोलाचे. कंपनी डिजिटल पोच मान्य करते का, हे लोड घेण्याआधी विचारा. काही कंपन्या डिजिटलही मागतात आणि कागदही. त्यांना माझ्याकडं उत्तर नाही.

खर्चाचं म्हणाल, तर प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वेगळं यंत्र बसवू नका. एकाच जीपीएसचा डेटा एपीआयनं, म्हणजे एका संगणकातून दुसऱ्यात थेट माहिती जायच्या वाटेनं, हव्या तितक्या कंपन्यांना देता येतो. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय लॉजिस्टिक धोरणाबरोबर केंद्रानं 'युलिप' नावाचा मंच आणला. त्यात 'वाहन' (गाड्यांची नोंदणी), 'सारथी' (ड्रायव्हरांचे परवाने), फास्टॅग, रेल्वेचं मालवाहतुकीचं तंत्र, आइसगेट, एलडीबी अशा वेगवेगळ्या सरकारी खात्यांच्या नोंदी एका जागी विचारता येतात. म्हणजे मोठ्या कंपनीला तुमची गाडी कुठला टोलनाका केव्हा ओलांडून गेली हे फास्टॅगवरून, तुमच्या यंत्राशिवायच, कळू शकतं. गाडीचा विमा, फिटनेस, परमिट संपलंय का हेही. ते शेवटचं जरा बघून ठेवा. पूर्वी फिटनेस संपल्याचं आरटीओला कळायचं. आता लोड देणाऱ्याला आधी कळतं, आणि तो फोनही करत नाही, सरळ दुसरी गाडी लावतो.

ई-वे बिलाबद्दल थोडक्यात, कारण तुमच्या पत्राच्या पाठीमागं दंडाची पावती जोडलेली आहे. गाडी बंद पडून माल दुसऱ्या गाडीत घेतला, की भाग 'ब'मध्ये नवा गाडी नंबर टाकल्याशिवाय चाक हलवायचं नाही. १ जानेवारी २०२१ पासून बिलाला दर २०० किलोमीटरमागं एक दिवसाची मुदत मिळते. मुदत संपायच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवता येते. सोळा तासांची ही खिडकी कुणीतरी सांभाळायला हवी. सहा गाड्यांना सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही, एका कागदाच्या तक्त्यावर सहा मुदती लिहून भिंतीला लावल्या तरी भागतं.

परतीच्या लोडसाठी ॲप वापरा, पण पहिल्या दोन-तीन वेळा अर्धं भाडं आगाऊ घेतल्याशिवाय गाडी लावू नका. आपल्याकडचा जुना हुंडेकरी कुठल्या व्यापाऱ्याची ऐपत काय हे डोक्यात ठेवून लोड द्यायचा. ॲपवरच्या पाच ताऱ्यांना ते अजून जमलेलं नाही.

प्रश्न : माझे वडील ट्रेलर चालवतात. गाडीत जीपीएस आणि कॅमेरा बसवल्यापासून चहाला थांबले तरी कंट्रोल रूममधून फोन येतो. जेवायला सुद्धा शांतपणे बसता येत नाही, असं ते म्हणतात. तक्रार कुणाकडं करायची?
– एक वाचक, पनवेल

कंट्रोल रूममधली पोरं वाईट नसतात. त्यांच्या स्क्रीनवर गाडी पंधरा मिनिटं थांबली की लाल होते, आणि लाल झालेली प्रत्येक गाडी 'विचारली' असं त्यांना लिहावं लागतं. चहाचा थांबा आणि बिघाडाचा थांबा यांत फरक करायला त्या यंत्राला कुणी शिकवलेलं नाही. वडिलांच्या मालकाला सांगा की गाडी निघण्याआधी जेवणाचे आणि झोपेचे थांबे मार्गातच नोंदवून टाका. तेवढ्या वेळात गाडी लाल होणार नाही.

आणि तोच जीपीएस वडिलांच्या बाजूनंही साक्ष देतो, हे त्यांना सांगा. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची, आणि पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची चौकट घालून दिली होती; नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेनं घेतली. कामाच्या तासांची मर्यादा किती पाळली जाते हे तुमच्या घरात मी सांगायला नको. पण चाक किती तास फिरलं याचा हिशेब आता सेकंदासकट नोंदलेला असतो. दर आठवड्याला तो मागून घ्या आणि घरी जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आलीच तर कामगार खात्यासमोर तोंडी बोलण्यापेक्षा हा कागद जड पडतो.

प्रश्न : बंदर, कस्टम, गोदाम सगळं संगणकावर गेलं. उद्या व्हायरस शिरला तर देशाचा व्यापार बंद पडेल का?
– सेवानिवृत्त बँक अधिकारी, ठाणे

देशाचा नाही, पण एका बड्या कंपनीचा जवळजवळ पडला होता, आणि त्याची झळ आपल्या दारापर्यंत आली होती. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून 'नॉटपेट्या' हा व्हायरस पसरला. त्यात मर्स्क ही तेव्हा जगात अव्वल असलेली शिपिंग कंपनी सापडली. तिच्या ७६ पैकी १७ टर्मिनलांचं काम कोलमडलं, आपल्या जेएनपीटीतलं तिच्या समूहाचं टर्मिनलही त्यात होतं. फाटकावर आलेला कंटेनर कुठल्या जहाजाचा, आतला कंटेनर कुठल्या थरावर, काही कळेना. कंपनीच्या सगळ्या जगभरच्या नेटवर्कचा नकाशा सांभाळणाऱ्या सर्व्हरांपैकी एकच शाबूत सापडला. तो घानामध्ये होता, आणि वाचला कशामुळे? तिथली वीज गेली होती, म्हणून तो हल्ल्याच्या वेळी जाळ्याबाहेर होता. लोडशेडिंगचं असं कौतुक मी तरी दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

दहा दिवसांत त्यांनी चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्यानं उभे केले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलर सांगितलं गेलं. पण त्या दिवसांत कंपनीचा माल फक्त वीस टक्क्यांच्या आसपास घटला. बाकीचा माणसांनी व्हॉट्सॲप, खासगी ईमेल आणि एक्सेलच्या तक्त्यांवर हलवला. हे शक्य झालं ते काम येणारी माणसं अजून खुर्चीत होती म्हणून. मला काळजी व्हायरसची नाही, या माणसांची आहे. आज कचेऱ्यांत येणारी मुलं स्क्रीन बंद पडली की हात बांधून बसतात, आणि त्यांचा दोष नाही, त्यांना कागदावरचं काम कुणी दाखवलेलंच नाही. माझ्या शेवटच्या कचेरीत संध्याकाळी सहाला दुसऱ्या दिवशीच्या सगळ्या कंटेनरांची यादी छापून फाइलला लागायची, आणि महिन्यातून एक दिवस सकाळचं काम त्या यादीवरूनच करायचं असा नियम होता. पोरं कुरकुर करायची. करू द्यायची.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. 'ब्लॉकचेनवर आधारित सप्लाय चेन' असा प्रकल्प घेतोय. चांगला आहे का?
– विद्यार्थी, इस्लामपूर, जि. सांगली

मार्क मिळतील. पण आधी ट्रेडलेन्सबद्दल वाच. मर्स्क आणि आयबीएम यांनी २०१८ मध्ये ब्लॉकचेनवरचा, म्हणजे एकच नोंदवही अनेकांच्या संगणकांवर ठेवणाऱ्या तंत्रावरचा, असाच मंच जगासमोर आणला, आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये तो गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. यंत्रणा चालत होती. साऱ्या धंद्यानं मिळून त्यात उतरावं असं मात्र झालं नाही. माझं मत विचारशील, तर आपली माहिती सगळ्यात मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या घरात ठेवायला कुठला व्यापारी मनापासून तयार होईल?

तुझ्या आजूबाजूला ऊस आहे, तोच घे. तोडलेला ऊस उन्हात जितका पडून राहील तितका वजनात आणि साखरेत घटतो, आणि हंगामात कारखान्याच्या यार्डात ट्रॅक्टर-ट्रॉल्या नंबर लावून तासन्‌तास उभ्या असतात. वजनकाट्याच्या संगणकात गाडी आली आणि रिकामी होऊन गेली, या दोन्ही वेळा असतात. फडात तोड केव्हा संपली, ही वेळ नसते. मुकादमाच्या फोनवरून एक मिस्ड कॉल घे, तीच ती वेळ. एका गटाच्या गाड्यांचा एवढाच तीन वेळांचा हिशेब मांड, आणि गव्हाणीची, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायच्या जागेची, रांग किती लांब आहे ते बघून उद्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या किती द्यायच्या हे शेतकी ऑफिसला आदल्या संध्याकाळी सांगता येतं का ते तपास. शेतकी अधिकाऱ्याला भेटायला जाताना लॅपटॉप नेऊ नकोस, आधी दोन दिवस काट्यापाशी बसून ये.